वंडरवॉल : साडेपाचला थांबणारं रेकॉर्डिंग

कुठल्याही इंजिनिअरिंग कॉलेजच्या होस्टेलवर एक गिटारवाला असतो आणि त्याला एक गाणं हमखास येतं. ओएसिसचं 'वंडरवॉल'. चार कॉर्ड, एक कॅपो, आणि समोर बसलेल्या पोरींकडे बघत डोळे मिटायची ॲक्टिंग. आमच्या वेळेलाही होता एक. आता तो बंगळूरला डेटाबेस सांभाळतो. :)

तर मंडळी, आजचा विषय ते गाणं नाही. विषय आहे तो शब्द. 'वंडरवॉल' हा इंग्रजी शब्दकोशातला शब्दच नव्हे. १९९५ साली नोएल गॅलाघरने तो उचलला एका जुन्या तबकडीच्या नावावरून. ती तबकडी म्हणजे 'वंडरवॉल म्युझिक', १९६८. जॉर्ज हॅरिसनची. बीटल्सपैकी कोणीही स्वतःच्या नावावर काढलेला हा पहिला अल्बम, आणि बीटल्सच्या 'ॲपल' या कंपनीने काढलेली पहिली एलपीसुद्धा. (काटेकोर लोक इथे हात वर करतील की मॅकार्टनीने १९६६ मध्येच एका सिनेमाचं संगीत केलं होतं. केलं होतं, पण ती रेकॉर्ड जॉर्ज मार्टिनच्या वाद्यवृंदाच्या नावावर निघाली. असो.)

म्हणजे गाणं जगाला पाठ, आणि ज्याच्यावरून नाव घेतलं तो अल्बम बीटल्सच्या भक्तांनीसुद्धा एकदा ऐकून कपाटात टाकलेला. सायकेडेलिक पॉपच्या याद्यांमध्ये तो आला तर तळाला येतो. पण मला त्यात रस आहे तो वेगळ्याच कारणासाठी. या अल्बमचा निम्म्याहून मोठा जीव मुंबईत, फोर्टमध्ये, एका ऑफिसच्या इमारतीत ध्वनिमुद्रित झालाय. आणि तो वाजवलाय आपल्या लोकांनी.

आधी थोडी पार्श्वभूमी. १९६७ च्या शेवटी जो मॅसॉट नावाच्या दिग्दर्शकाने हॅरिसनला विचारलं, माझ्या सिनेमाला संगीत देशील का? सिनेमा म्हणजे एक विक्षिप्त, एकलकोंडा शास्त्रज्ञ, दिवसभर सूक्ष्मदर्शकात डोळे घालून बसणारा. त्याला घराच्या भिंतीत एक भोक सापडतं, आणि त्यातून शेजारची मॉडेल आणि तिचं रंगीबेरंगी जग दिसायला लागतं. हीच ती वंडरवॉल. मॉडेल झाली होती जेन बर्किन. सिनेमात संवाद जवळजवळ नाहीतच, म्हणजे संगीताला रान मोकळं. हॅरिसन म्हणाला, मी कधी सिनेमाला संगीत दिलेलं नाही. मॅसॉट म्हणाला, तू जे देशील ते वापरीन. असा क्लायंट आपल्याला जन्मात मिळणार नाही!

हॅरिसन स्टॉपवॉच घेऊन बसला, प्रत्येक प्रसंग किती सेकंदांचा ते मोजलं आणि तेवढ्या लांबीचे तुकडे करायचं ठरवलं. काही तुकडे लंडनला झाले, 'रेमो फोर' नावाच्या लिव्हरपूलच्या एका रॉक बँडला घेऊन. उरलेल्यांसाठी त्याने जानेवारी १९६८ मध्ये मुंबईचं विमान पकडलं. बजेट ६०० पौंडांचं होतं म्हणतात, आणि खर्च झाले १५,०००. वरचे पैसे त्याने स्वतःच्या खिशातून घातले.

मुंबई त्याला नवीन नव्हती. सप्टेंबर १९६६ मध्ये तो रविशंकरांकडे सतार शिकायला आला होता तेव्हा ताजमध्ये 'सॅम वेल्स' असं खोटं नाव सांगून उतरला होता. मिशीबिशी ठेवून. लिफ्टवाल्या पोराने ओळखलं, आणि दुसऱ्या दिवशी हॉटेलखाली ही गर्दी. शेवटी गुरू-शिष्य काश्मीरला पळाले.

आता इथे एक जरा आडवळण घेतो, कारण पुढे लागणार आहे.

बीटल्सच्या गाण्यांत भारतीय वाद्यं आली, त्यात वाजवणारे कोण होते? १९६६ च्या 'रिव्हॉल्व्हर'वर 'लव्ह यू टू' नावाचं गाणं आहे. तबल्यावर अनिल भागवत. हो, भागवत! लंडनच्या एशियन म्युझिक सर्कलच्या अंगडींनी त्यांना फोन केला, की आज संध्याकाळी मोकळे आहात का, जॉर्जबरोबर वाजवायचंय. कोण जॉर्ज, ते भागवतांना कळलंच नव्हतं. दाराशी रोल्स-रॉइस येऊन उभी राहिली तेव्हा उलगडा झाला. आणि त्यांचं नाव रेकॉर्डच्या वेष्टनावर छापलं गेलं. बीटल्सच्या वेष्टनावर बाहेरच्या वादकाचं नाव येणं ही तेव्हा फार मोठी गोष्ट होती. पुढच्याच वर्षी 'सार्जंट पेपर'वर 'विदिन यू विदाउट यू' आलं, त्यात दिलरुबा, तंबोरा, तबला सगळं होतं आणि वादकांचं नाव एकही नव्हतं. त्या वेष्टनावर मार्लन ब्रँडोपासून कार्ल मार्क्सपर्यंत पन्नासेक लोकांचे फोटो आहेत, पण ज्यांनी प्रत्यक्ष वाजवलं त्यांना एक ओळ मिळाली नाही. त्यातल्या काहींची नावं जगासमोर यायला जवळजवळ ५० वर्षं लागली.

तर १९६८ ची मुंबई.

एचएमव्हीचा स्टुडिओ तेव्हा सर फिरोजशाह मेहता रोडवर युनिव्हर्सल बिल्डिंगमध्ये होता. स्टुडिओ वर, खाली ऑफिसं, आणि ध्वनिरोधक असं काही नाही. हॅरिसनने पुढे मुलाखतीत सांगितलंय की कान देऊन ऐकलंत तर काही तुकड्यांत रस्त्यावरून जाणाऱ्या टॅक्स्या ऐकू येतात. आणि संध्याकाळी साडेपाच वाजले की रेकॉर्डिंग थांबवावं लागायचं. का? तर ऑफिसं सुटायची आणि सगळी जनता जिन्यावरून धाडधाड खाली उतरायची, तो आवाज सगळा मायक्रोफोनमध्ये!

मला हे चित्र फार आवडतं. जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध बँडचा माणूस हाताची घडी घालून बसलाय, समोर एकेक खंदे वादक वाद्यं मांडीवर घेऊन थांबलेत, आणि कारण काय, तर कारकून मंडळींना ५:५२ ची लोकल गाठायचीय. :) (५:५२ आपलं मी घातलं. पण चर्चगेट किंवा व्हीटीकडे धावणारी माणसं होती यात शंका नाही.)

दुसरी गंमत यंत्राची. मुंबईच्या स्टुडिओत मोनो यंत्र होतं. ग्रामोफोन कंपनीचं मुख्यालय आणि डमडमचा कारखाना कलकत्त्याला, त्यामुळे चांगली यंत्रसामग्री तिकडे. कंपनीचे भास्कर मेनन यांनी हॅरिसनसाठी दोन ट्रॅकचं अवजड स्टिरिओ यंत्र कलकत्त्याहून रेल्वेने मुंबईत आणवलं. दोन हजार किलोमीटर! हे मेनन म्हणजे साधी असामी नव्हे. पुढे १९७१ मध्ये ते अमेरिकेत कॅपिटॉल रेकॉर्ड्सचे प्रमुख झाले आणि पिंक फ्लॉइडचा 'डार्क साइड ऑफ द मून' १९७३ मध्ये अमेरिकेत पहिल्या नंबरावर नेण्यात त्यांचा मोठा हात होता. २०२१ मध्ये ते गेले. आपल्यातले किती जण तो टी-शर्ट घालून ऑफिसला जातात, त्यातल्या कितींना मेनन माहीत आहेत, मला शंकाच आहे.

दोन ट्रॅक म्हणजे काय, ते थोडं सांगतो. लंडनला बीटल्स तेव्हा चार ट्रॅकवर काम करत. प्रत्येक वाद्य किंवा वाद्यांचा गट वेगळ्या पट्टीवर घ्यायचा, मग सावकाश बसून कोणाचा आवाज किती ते ठरवायचं. मुंबईत ती सोय नाही. वादक वाजवत असतानाच कोण मायक्रोफोनच्या जवळ, कोण लांब हे ठरवून जागच्या जागी मिक्स करायचं. चुकलं तर पुन्हा सगळ्यांनी वाजवायचं. अनडू नाही, बॅकअप नाही, थेट प्रॉडक्शन सर्व्हरवर काम. हॅरिसनला मात्र हे आवडलं. फार ट्रॅक असले की माणूस लाडावतो, असं त्याचं म्हणणं.

मुंबईच्या वादकांना यात नवल वाटायचं कारणच नव्हतं. त्यांचं रोजचं आयुष्य हेच. सकाळी एका स्टुडिओत शिफ्ट, दुपारी दुसऱ्या, मध्ये आकाशवाणी, रात्री मैफल. नोटेशन समोर आलं की दोन तालमींत टेक.

कोण होते हे लोक? सरोदवर आशिष खाँ, म्हणजे अली अकबर खाँसाहेबांचे चिरंजीव. तबला-पखवाजावर महापुरुष मिश्र. संतूरवर शिवकुमार शर्मा. शहनाईवर शरद आणि हनुमान जाधव. सतारीवर शंभू दास आणि इंद्रनील भट्टाचार्य. हार्मोनियम आणि तबलातरंगावर रिजराम देसाड. तारशहनाईवर विनायक व्होरा. तारशहनाई हे प्रकरण कोणी ऐकलं नसेल तर सांगतो : इसराजला जुन्या ग्रामोफोनसारखा कर्णा लावायचा, म्हणजे तारेचा आवाज शहनाईच्या अंगाने बाहेर येतो. अल्बमवर 'क्राइंग' नावाचा छोटासा तुकडा आहे त्यात ती आहे. नाव सार्थ आहे. रात्री एकट्याने ऐकू नका.

बासरीवर एस. आर. केंकरे. आणि सुरबहारवर चंद्रशेखर नारिंग्रेकर. केंकरे आणि नारिंग्रेकर ही दोन आडनावं वाचून कोणाही मराठी माणसाचे कान टवकारतील. नारिंग्रे हे देवगड तालुक्यातलं गाव. सुरबहार म्हणजे सतारीचा थोरला, घनगंभीर भाऊ. तो वाजवणारी माणसं तेव्हाही हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती आणि आजही आहेत. बीटल्सवाल्याच्या पहिल्या अल्बमवर ते वाद्य नारिंग्रेकरांनी वाजवलं.

आता वेष्टन उलटा. नावं छापलीत. हॅरिसनला याचं श्रेय द्यायलाच हवं, 'सार्जंट पेपर'वरची चूक त्याने इथे केली नाही. पण छापलीत कशी? शिवकुमार शर्मांचे झालेत 'शेर्मार'. इंद्रनीलचे 'इंद्रिल'. रिजरामचे 'रिज' आणि 'राम' दोन तुकडे. विनायक व्होरांचे 'विनाइक'. आणि नारिंग्रेकर? ते फक्त 'चंद्र शाखर'. आडनावच गुल.

दुसऱ्या बाजूला गंमत बघा. लंडनच्या सत्रांमध्ये एरिक क्लॅप्टन गिटार वाजवून गेला आणि रिंगो स्टार ड्रम. दोघांची नावं वेष्टनावर नाहीत, आणि तरीही जगाला माहीत आहेत. क्लॅप्टनचं नाव छापलं काय, न छापलं काय, कोणीतरी ते शोधून काढणारच. नारिंग्रेकरांचं आडनाव एकदा गळलं की मात्र ते शोधायला कोणी बसत नाही. आजही स्ट्रीमिंगच्या ॲपवर कलाकाराच्या रकान्यात एकच नाव दिसतं, जॉर्ज हॅरिसन.

माझं गाव खोडद. नारायणगावपासून आत. नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी. पाडव्याच्या सुमारास तिथे फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे कारभारी जत्रेची सुपारी द्यायला येतात. राहुटीवर मोठ्ठा बोर्ड, त्यावर फडमालकाचं किंवा मालकिणीचं नाव. विठाबाई नारायणगावकरांचं नाव असंच घराघरात गेलं, आणि त्या त्या लायकीच्या होत्याच. पण ज्या ढोलकीवाल्याच्या बोटांवर रात्रभर फड उभा राहायचा, त्याचं नाव बोर्डावर शोधून सापडत नाही. गावातली जुनी माणसं मात्र ते नाव सांगतात. फड आठवत नाही त्यांना, ढोलकी आठवते. मुंबईच्या स्टुडिओतल्या वादकांचंही तेच. फरक इतकाच की त्यांच्या फडाचा मालक लिव्हरपूलचा.

आणि आपल्या धंद्यात काय वेगळं आहे? हिंजवडीत बसून आपण ज्याच्यासाठी रात्री जागतो त्या प्रॉडक्टवर नाव कोणाचं असतं? निदान व्हर्जन कंट्रोलच्या इतिहासात तरी कोणती ओळ कोणी लिहिली ते राहतं. दोन ट्रॅकच्या टेपमध्ये तेही राहत नाही.

(इथे एक तांत्रिक आशा आहे. एकदा मिसळलेले आवाज वेगळे करता येत नाहीत असं आपण कायम धरून चाललो होतो. पीटर जॅक्सनच्या टीमने मशीन लर्निंग वापरून बीटल्सच्या जुन्या टेप्समधले आवाज वेगळे केले, २०२२ मध्ये 'रिव्हॉल्व्हर' त्यातून पुन्हा मिक्स होऊन आला आणि २०२३ मध्ये 'नाऊ अँड देन' हे गाणं. कोणी फोर्टातल्या या टेप्सना हात घातला तर नारिंग्रेकरांचा सुरबहार वेगळा काढून ऐकता येईल. टॅक्स्या तेवढ्या राहू द्याव्यात, ही विनंती.)

आशिष खाँ यांच्याबाबतीत एक झकास गोष्ट झाली. 'लव्ह सीन' हा तुकडा. हॅरिसनने सुचवलं की आधी एक सरोद वाजवा, मग ती टेप ऐकत तिच्यावर दुसरी. म्हणजे स्वतःशीच जुगलबंदी! आपल्या संगीतात जुगलबंदी म्हणजे दोन माणसं, एकमेकांच्या डोळ्यांत बघून केलेली नोकझोक. इथे समोर कोणीच नाही, पाच मिनिटांपूर्वीचा मीच. तुकडा चार मिनिटांचा आहे आणि माझ्या मते अल्बममधला सगळ्यात सुंदर. 'गत किरवाणी' त्याच्या उलट, नुसती धावपळ, सव्वा मिनिटात संपते. ऐकणारा म्हणतो अरे थांबा, आत्ता तर रंगायला लागलं होतं! पण स्टॉपवॉचने सांगितलं की प्रसंग संपला.

हाच या अल्बमचा दोषही आहे. खोटं कशाला बोलू, १९ तुकडे आहेत आणि त्यातले बरेच दोन मिनिटांचेही नाहीत. लंडनच्या बाजूला 'काउबॉय म्युझिक' वगैरे तुकडे सिनेमाशिवाय ऐकले तर कंटाळवाणेच. एका बाजूला शहनाई, पुढच्याला बारमधला पियानो, मग पुन्हा शहनाई. पण हळूहळू लक्षात येतं की सायकेडेलिक म्हणून जे काही आहे ते या झोके घेण्यातच आहे, नुसत्या उलट्या फिरवलेल्या टेप्समध्ये नाही. एका भोकातून डोळा लावून बसलेल्या माणसाला जग असंच दिसणार, तुकड्यातुकड्यांनी. आणि त्या भोकापलीकडचं जग म्हणजे फोर्टातली ती खोली.

आपल्याकडच्या श्रोत्यांना मात्र याच लोकांचं यापेक्षा कितीतरी मोठं काम आधीच मिळालं होतं. १९६७ मध्ये एचएमव्हीनेच 'कॉल ऑफ द व्हॅली' काढली होती : शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया, ब्रिजभूषण काबरा, तबल्यावर माणिकराव पोपटकर, आणि निर्माते आपले भावगीतवाले जी. एन. जोशी. ती रेकॉर्ड हजारो घरांत पोचली. 'वंडरवॉल' इथे कोणाला ठाऊकही नव्हती.

मुंबईच्या त्याच सत्रांत एक गाणं जास्तीचं झालं, आणि तेच पुढे खरं गाजलं. १२ जानेवारीला हॅरिसनने याच वादकांकडून एक चाल वाजवून घेतली. गाणं 'द इनर लाइट'. शब्द 'ताओ ते चिंग' या चिनी ग्रंथावर बेतलेले, ते सुचवले केंब्रिजला संस्कृत शिकवणाऱ्या हुआन मास्कारो यांनी. आशय असा की दाराबाहेर पाऊल न टाकताही जग जाणता येतं. लंडनला परतल्यावर फेब्रुवारीत त्याने त्यावर गाऊन घेतलं आणि मार्च १९६८ मध्ये ते 'लेडी मॅडोना'च्या मागच्या बाजूला आलं. बीटल्सच्या सिंगलवर आलेली हॅरिसनची ही पहिली रचना. त्यात एकही वाद्य बीटल्सपैकी कोणी वाजवलेलं नाही. सगळी वाद्यं मुंबईची.

आमच्या खोडदच्या लोकांना हा आशय पटकन कळतो. गावाच्या बाजूला जीएमआरटीच्या दुर्बिणी आहेत, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, त्यातल्या १४ खोडदच्या आसपास एका चौकोनात आणि बाकीच्या तीन हातांवर २५ किलोमीटरपर्यंत. जागचं न हलता त्या आकाशातलं ऐकत बसतात. ऐकतात फक्त, बोलत नाहीत. बोलायचं काम नासाने केलं : ४ फेब्रुवारी २००८ ला माद्रिदजवळच्या अँटेनातून ध्रुवताऱ्याच्या दिशेने 'अक्रॉस द युनिव्हर्स' सोडलं, त्या गाण्याच्या रेकॉर्डिंगला ४० वर्षं झाली म्हणून. म्हणजे ते गाणं रेकॉर्ड व्हायला लागलं ४ फेब्रुवारी १९६८ ला, हॅरिसन मुंबईहून परतल्यावर जेमतेम दोन-तीन आठवड्यांत. नासाला विचारलं असतं तर मी दोन दिवस थांबून 'इनर लाइट' पाठवा म्हटलं असतं. ध्रुवताऱ्याला पखवाज तरी ऐकू आला असता.

अल्बमचं पुढे काय झालं? सिनेमा १७ मे १९६८ ला कान महोत्सवात दाखवला. दोनच दिवसांनी फ्रान्समधल्या आंदोलनात तो महोत्सवच बंद पडला. सिनेमा थिएटरात जानेवारी १९६९ मध्ये आला आणि पडला. रेकॉर्ड मात्र सिनेमाच्याही आधी, १ नोव्हेंबर १९६८ ला ब्रिटनमध्ये निघाली. म्हणजे ज्या चित्रांसाठी स्टॉपवॉच लावून वाजवलं ती चित्रं लोकांनी पाहिलीच नव्हती. आणि तीन आठवड्यांनी, २२ नोव्हेंबरला, आला बीटल्सचा पांढरा डबल अल्बम. त्याच्यापुढे या शब्द नसलेल्या रेकॉर्डकडे कोण बघतो! अमेरिकेत ४९ व्या नंबरापर्यंत गेली, ब्रिटनमध्ये तर यादीतच नाही. पुढे १९९२ मध्ये सीडी आली, २०१४ मध्ये पुन्हा नव्याने.

शिवकुमार शर्मा २०२२ मध्ये गेले, आशिष खाँ २०२४ मध्ये.

ऐकायचं असेल तर पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायचा अट्टाहास करू नका. आधी 'लव्ह सीन'. मग 'इन द पार्क', संतूर आणि सुरबहारसाठी. मग 'क्राइंग', दिवसाउजेडी. मग 'मायक्रोब्स', जिथे शहनाई सिनेमातल्या सूक्ष्मदर्शकावरच्या जंतूंसाठी वाजते. लग्नाशिवाय शहनाई ऐकायची सवय नसेल तर जरा विचित्र वाटेल. हेडफोन चांगले लावा आणि शांत तुकड्यांत वाद्यांच्या मागे लक्ष द्या. मला दोन ठिकाणी टॅक्सी ऐकू आल्यासारखी वाटते. तुम्हाला तिसरी सापडली तर कळवा.